चौकातला धूर मोजायचा कसा? पुण्याच्या रहदारीतून येणारे प्रश्न

पुण्यात हवेचा विषय निघाला की मोबाइल बाहेर येतात. एकाच्या ॲपवर १८० असतं, दुसऱ्याच्या ॲपवर ७५, आणि तिसरा खिशातून पीयूसीचा कागद काढून "आपली गाडी तर पास आहे" म्हणून मोकळा होतो. तिघंही खोटं बोलत नसतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. गाडीच्या नळीतून किती निघतं, चौकाच्या हवेत किती साठतं आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत किती जातं, ही मोजमापं वेगळी आहेत आणि त्यांची यंत्रंही वेगळी. सोसायटीच्या बैठकांत, शाळांच्या प्रकल्पांत आणि प्रभागातल्या चर्चांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाडीच्या धुरात नेमकं काय असतं?

बहुतेक भाग नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. त्रास देणारा हिस्सा थोडाच, पण माणसं अगदी जवळ असल्यामुळे तो महाग पडतो. इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन निघतात, बेंझिन त्यातलंच. इंजिनात तापमान खूप वाढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. म्हणजे चांगलं, गरम जळणारं इंजिनही ही ऑक्साइडं देतंच. डिझेलमधून शिवाय काजळी येते. तिचे कण इतके बारीक असतात की पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) या गटात बसूनही त्यांचं वजन नगण्य भरतं, संख्या मात्र प्रचंड असते.

शिसं आता या यादीत राहिलेलं नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच विकलं जातं. गंधकही एप्रिल २०२० मध्ये ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आलं. इंधन सुधारलं की काय होतं हे बघायचं असेल तर ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पीयूसी केंद्रात काय मोजतात?

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी नळीत प्रोब घालून इन्फ्रारेड किरणांनी कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचं पीपीएममधलं प्रमाण बघतात. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं चालू. बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, वाहनांच्या धुराच्या मानकांच्या पायऱ्या) पेट्रोल कारसाठी मर्यादा ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन अशी आहे. शिवाय इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेऊन दुसरं वाचन घेतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत हवा आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाचा मेळ, ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. याच पिढीच्या दुचाकींना ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम चालतात. २००० नंतरच्या पण बीएस-४ आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. जुनी मोपेड आणि नवी स्कूटर दोघी पास होतात, पण एकाच अर्थाने नाही.

डिझेलची चाचणी वेगळी. तिथे वायू मोजत नाहीत, धुराचा दाटपणा मोजतात. उभ्या गाडीला झटकन पूर्ण रेस द्यायची, बाहेर पडलेला धूर प्रकाशाच्या झोतातून न्यायचा आणि किती प्रकाश अडला ते बघायचं. असं काही वेळा करून सरासरी काढतात. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५.

केंद्रावर एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघावी: प्रोब नळीत नीट आतपर्यंत गेला आहे का. तो नुसता तोंडाशी टेकवला तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा आपोआप सोज्वळ होतो. इंजिन गरम नसेल तरी वाचन चुकतं. घरातून गाडी काढली आणि कोपऱ्यावरच्या व्हॅनपाशी लावली, अशा चाचणीला फारसा अर्थ नाही.

पीयूसी किती दिवस चालतं? नसेल तर?

नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना १२ महिने, त्याआधीच्यांना ६ महिने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पीयूसी पास म्हणजे माझी गाडी प्रदूषण करत नाही, बरोबर?

नाही. पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. पीएम २.५ मोजत नाहीत. कणांची संख्या मोजत नाहीत. शिवाय गाडी उभी असते. चढावर, दोघं बसलेले असताना, गिअर बदलताना इंजिनावर जो भार येतो तो चाचणीत कुठेच नसतो. रुग्णाला झोपवून रक्तदाब बघावा आणि जिना चढताना धाप लागते का हे विचारूच नये, असा हा प्रकार आहे.

पण म्हणून पीयूसी निरुपयोगी असं म्हणणारेही अतिशयोक्ती करतात. बिघडलेला कार्ब्युरेटर, मेलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर असल्या ठळक बिघाडांना ही चाचणी पकडू शकते. प्रामाणिकपणे केली तर.

मग बीएस-६ गाडीला प्रमाणपत्र देताना कसं मोजतात?

प्रयोगशाळेत, रोलरवर. गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवून ड्रायव्हर पडद्यावरच्या आलेखाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत नेतो. बाहेर पडणारा धूर मोजलेल्या हवेत मिसळून पिशव्यांमध्ये भरतात आणि किलोमीटरमागे किती मिलिग्रॅम निघालं ते काढतात. देशातली अशी एक महत्त्वाची प्रयोगशाळा पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे: १९६६ साली सुरू झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया). डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ८० झाली. कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर जवळपास अनिवार्यच झाला.

रोलरची अडचण २०१५ मध्ये जगाला कळली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडं मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात असल्याचं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं. हे बिंग फोडणारं यंत्र साधंच म्हणायचं: डिकीत ठेवायचा विश्लेषक आणि मागच्या नळीला जोडलेला पाइप. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने ते घेऊन गाड्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या होत्या. भारतातही त्या कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, त्यात कारची अशी रस्त्यावरची चाचणी बंधनकारक झाली. उशीर झाला, पण झालं.

चालत्या गाडीचा धूर तिला न थांबवता मोजता येतो का?

येतो, आणि माझ्या मते शहरांसाठी याहून उपयोगी तंत्र नाही. रस्त्याच्या एका बाजूने इन्फ्रारेड आणि अतिनील किरणांचा झोत टाकतात. गाडी तो ओलांडून गेली की मागे राहिलेल्या धुराच्या शेपटीतून झोत जातो. कोणता वायू किती प्रकाश शोषतो यावरून कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत इतर प्रदूषकांचं प्रमाण काढतात. सगळा खेळ सेकंदाच्या आत. सोबत वेग, प्रवेग आणि नंबरप्लेटचा फोटो असतो, त्यावरून गाडीचं वय आणि इंधन कळतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन यांच्या गटाने हे तंत्र उभं केलं.

एका गाडीच्या एका वाचनावर विसंबू नये, कारण तिने नेमकी त्याच क्षणी रेस दिलेली असू शकते. हजारो वाचनांमधून मात्र शहराचं चित्र स्वच्छ दिसतं. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशी एक लाखाहून जास्त वाचनं घेतलेला अहवाल २०२४ मध्ये आला. बीएस-६ खासगी कार बीएस-४ पेक्षा खूपच स्वच्छ निघाल्या, ही चांगली बातमी. पण सीएनजीवर चालणारे मालवाहू टेम्पो आणि टॅक्सी नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या कित्येक पट वर आढळल्या. सीएनजीचा धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो स्वच्छच, अशी आपली समजूत असते. काजळीपुरती ती खरी आहे, नायट्रोजन ऑक्साइडांपुरती नाही.

चौकातल्या हवेचं मोजमाप कोणत्या यंत्रांनी होतं?

जुनी पद्धत वजनाची. पंपाने मोजून हवा ओढायची, फिल्टरवर कण साठू द्यायचे आणि आधीचं-नंतरचं वजन सूक्ष्म तराजूवर घ्यायचं. नळस्टॉप, स्वारगेट आणि भोसरी इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अशी हाताने चालवायची केंद्रं आहेत. राष्ट्रीय हवा मोजणी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ नोंदी अपेक्षित असतात. नोंदी थोड्या, पण कण खरोखर हाती लागतात. त्यांचं नंतर रासायनिक विश्लेषण करता येतं.

स्वयंचलित केंद्रात कण कागदी फितीवर साठवतात आणि त्यातून बीटा किरण सोडतात. कण जितके जास्त तितके किरण कमी पार होतात. तासागणिक आकडा मिळतो. नायट्रिक ऑक्साइड मोजायची रीत मला सगळ्यात सुंदर वाटते: यंत्रातच ओझोन तयार करून तो नमुन्यात मिसळतात, अभिक्रियेतून मंद प्रकाश बाहेर पडतो आणि तो प्रकाश मोजतात. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी आधी त्याचं तापलेल्या मॉलिब्डेनमवर नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडला इन्फ्रारेड, ओझोनला अतिनील.

पुण्यात मंडळाच्या केंद्रांशिवाय पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' यंत्रणाही आहे. ती २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत सुरू झाली आणि २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आली.

वाहतूक मोजायची तर पीएम २.५ बघू की दुसरं काही?

नायट्रोजन डायऑक्साइड बघा. पीएम २.५ मध्ये कचरा जाळणं, बांधकाम, बेकऱ्या, कारखाने, दूरवरून वाहत आलेले कण असं सगळं मिसळलेलं असतं. चौकात पीएम २.५ वाढलं म्हणजे गाड्याच वाढल्या असं म्हणता येत नाही. शहराच्या मध्यवस्तीत नायट्रोजन डायऑक्साइडचा मोठा स्रोत वाहनं, त्याखालोखाल डिझेल जनरेटर. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा देशभरच्या शहरांत हाच आकडा सर्वांत ठळकपणे कोसळला.

एक गुंता आहे. नळीतून निघतो तो बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्याचा डायऑक्साइड होतो. त्यामुळे भर चौकात ओझोन कमी सापडतो, कारण धूर त्याला खाऊन टाकतो, आणि शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला तो जास्त भरतो. चौकातला ओझोन कमी दिसला म्हणून हवा शुद्ध असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी प्रकल्प दरवर्षी बघायला मिळतात.

बजेट असेल तर काळ्या कार्बनचं यंत्र, एथॅलोमीटर, घ्यावं. काजळी प्रकाश किती शोषते यावर ते चालतं. एखादा जुना डिझेल ट्रक समोरून गेला की आलेखावर लगेच सुळका दिसतो.

ॲपवर 'समाधानकारक' दिसतं आणि सिग्नलला डोळे चुरचुरतात. ॲप खोटं बोलतं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याची कारणं बरीच आहेत.

पहिलं म्हणजे आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, जो एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला, तो कणांसाठी आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी २४ तासांची सरासरी धरतो. संध्याकाळी सातची कोंडी पहाटे चारच्या रिकाम्या रस्त्यात मिसळून जाते. दुसरं, आठ प्रदूषकांपैकी जो सर्वांत वाईट त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. बाकीच्यांची बेरीज होत नाही. आणि तो वाईट प्रदूषक बहुधा धूलिकणच असल्यामुळे धुराची गोष्ट मागे राहते.

तिसरं कारण जागेचं. केंद्राचं हवा ओढणारं तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर असतं. स्कूटरवरच्या माणसाचं नाक दीड मीटरवर, समोरच्या बसच्या नळीच्या मागे. केंद्राने शहराच्या भागाचं प्रतिनिधित्व करावं अशीच अपेक्षा असते, तुमच्या सिग्नलचं नाही. पाषाणच्या आकड्यावरून स्वारगेटबद्दल बोलू नये.

आणि ॲपांची स्वतःची मोजपट्टी असते. हवेत पीएम २.५ घनमीटरमागे ५५ मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक ९२ च्या आसपास येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा दीडशेला टेकते. हवा तीच, फूटपट्टी वेगळी. काही ॲपं तर जवळ केंद्र नसताना उपग्रह आणि संगणकीय अंदाजावरून तुमच्या गल्लीचा आकडा देतात. म्हणून निर्देशांक सोडा आणि मायक्रोग्रॅममधला तासाचा मूळ आकडा शोधा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

मर्यादा किती धरायच्या?

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ४० आणि २४ तासांची ६० मायक्रोग्रॅम. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४० आणि ८०. बेंझिनला वार्षिक ५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक पातळी ५ वर आणि नायट्रोजन डायऑक्साइडची १० वर आणली. दोन्ही आकडे सोबत द्यावेत आणि कोणता कुठला हे लिहावं. नुसतं 'मर्यादेच्या चौपट' लिहिलेल्या बातमीवर विश्वास ठेवू नये.

रस्त्यापासून किती लांब गेलं की फरक पडतो?

पहिल्या शे-दीडशे मीटरांतच काजळी आणि बारीक कण झपाट्याने उतरतात, तीनशे मीटरांच्या पुढे गेलात की बरेचसे आजूबाजूच्या पातळीला येतात. मोकळ्या रस्त्याला हे लागू. लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी उंच इमारतींच्या घळीत धूर वर जायला वाटच नसते. वारा आडवा असेल तर रस्त्याच्या दोन बाजूंचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. शाळेचं फाटक मुख्य रस्त्यावर ठेवायचं की मागच्या गल्लीत, हा निर्णय मुलांच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने किरकोळ नाही.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त सेन्सर चालेल का?

चालेल, पण त्याला काय कळतं ते आधी समजून घ्या. डबीच्या आत लेझरचा झोत असतो, कण त्यातून जाताना प्रकाश विखुरतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. वजन प्रत्यक्ष कुणी करत नाही. वाहनांच्या काजळीतले सर्वांत बारीक कण या प्रकाशाला दिसतच नाहीत, म्हणजे ज्यासाठी यंत्र घेतलं तेच त्याला नीट दिसत नाही.

दुसरी अडचण दमटपणाची. आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. जुलैत मुंबईत किंवा डिसेंबरच्या धुक्यात पहाटे मुळा-मुठेच्या काठी घेतलेल्या नोंदी दुरुस्तीशिवाय वापरण्यात अर्थ नाही. वायूंचे स्वस्त विद्युत-रासायनिक सेन्सर आणखी लहरी असतात. नायट्रोजन डायऑक्साइडच्या सेन्सरला ओझोनही तसाच भासतो, आणि काही महिन्यांत त्याची शून्याची पातळीच सरकते.

उपाय एकच: सेन्सर काही आठवडे सरकारी केंद्राच्या अगदी शेजारी लावायचा, दोघांचे तासाचे आकडे एकमेकांसमोर मांडायचे, आर्द्रता धरून दुरुस्तीचं सूत्र काढायचं आणि मगच चौकात न्यायचा. मोजणी संपल्यावर पुन्हा शेजारी लावून बघायचं. परवानगी मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतील. तरीही दुरुस्ती न केलेल्या दहा सेन्सरांपेक्षा दुरुस्त केलेले दोन बरे. दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर तिथले सेन्सर मध्येच अदलाबदल करून पाहा. फरक जागेचा की यंत्राचा, हे त्यातून लगेच उघड होतं.

वीज नाही, पैसेही नाहीत. काय करता येईल?

डिफ्यूजन ट्यूब. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, एका टोकाला ट्रायइथॅनॉलअमाइन लावलेली जाळी, दुसरं टोक उघडं आणि खाली. खांबाला बांधून दोन ते चार आठवडे ठेवायची. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आपोआप आत शिरून जाळीवर अडकतो. नंतर टोपण लावून प्रयोगशाळेत पाठवायची. पंप नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. ब्रिटनमध्ये नगरपालिका कित्येक वर्षं हजारो नळ्या अशाच लावत आल्या आहेत.

तासागणिक चढउतार तिच्यातून मिळत नाही, फक्त त्या काळाची सरासरी मिळते. पण एकाच वेळी वीस ठिकाणी लावून शहराचा नकाशा करायचा तर हिला तोड नाही. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन नळ्या लावा, काही न उघडता तशाच ठेवा, म्हणजे प्रयोगशाळेची चूक पकडता येते. खांबावर 'वायुमापन चालू आहे, कृपया हात लावू नये' अशी पाटी लावाच. नाहीतर नळी गायब होते.

कधी मोजावं?

हिवाळ्यात नक्की, आणि तुलनेसाठी उन्हाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि पुण्याच्या खोलगट भागात धूर अडकून राहतो. तेवढ्याच गाड्या, पण आकडा कितीतरी मोठा. पावसाळ्यात कण धुऊन जातात, त्या मानाने नायट्रोजन डायऑक्साइड कमी धुतला जातो. दोन आठवड्यांपेक्षा कमी मोजणीवर बोलू नये. दिवाळीचे दिवस वेगळे काढावेत.

गणेशोत्सवात आणि विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा आयता प्रयोग मिळाला असं वाटतं. तसं नसतं. मिरवणुकीत डिझेल जनरेटर धडधडत असतात. त्यापेक्षा २०२१ पासून डिसेंबरमध्ये लक्ष्मी रस्त्यावर होणारा पादचारी दिन बरा.

हवेसोबत आणखी काय नोंदवायचं?

गाड्यांची मोजणी, प्रकारानुसार. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस, ट्रक. प्रत्येक तासातली पंधरा मिनिटं मोजली तरी पुरतात. शक्य असेल तर रांग किती लांब जाते आणि सिग्नलचा लाल दिवा किती सेकंद असतो तेही लिहा, कारण धूर नुसत्या गाड्यांच्या संख्येने नाही, थांबत-सुटत जाण्यानेही वाढतो. वाऱ्याची दिशा आणि वेग, पाऊस, तापमान, आर्द्रता. शेजारी तंदूर, लाँड्री, बांधकाम, कचऱ्याची शेकोटी असेल तर तीही. हे नसेल तर पुढे एकाही सुळक्याचं कारण सांगता येत नाही.

मोजलेल्या प्रदूषणात गाड्यांचा वाटा किती, हे कसं ठरवतात?

एक रस्ता वरून येतो: शहरात किती गाड्या, किती किलोमीटर धावतात, किलोमीटरमागे किती सोडतात, याचा गुणाकार. दुसरा रस्ता खालून जातो: फिल्टरवरचे कण घेऊन त्यात कोणती मूलद्रव्यं, कोणता कार्बन आहे ते तपासायचं आणि प्रत्येक स्रोताच्या रासायनिक ठशाशी जुळवायचं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरू, पुणे आणि कानपूर या सहा शहरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने असा अभ्यास करून घेतला. पुण्याचा भाग एआरएआयने आणि मुंबईचा नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) केला. पुण्यात पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांत, रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा निघाला. "म्हणजे गाड्यांचा दोष नाही" असं त्यावर लगेच म्हटलं गेलं. पण ती धूळ उडवतं कोण?

नागरिकांना जमेल असा सोपा मार्ग वजाबाकीचा. चौकातलं एक यंत्र, रस्त्यापासून तीनशे-चारशे मीटर आतल्या गच्चीवर दुसरं, दोन्ही एकाच वेळी. दोघांतला फरक म्हणजे ढोबळमानाने त्या रस्त्याची भर.

धुराच्या रंगावरून काही कळतं का?

काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थोडा वेळ पांढरा म्हणजे वाफ. थांबतच नसेल तर कूलंट गळतंय. काहीच दिसत नसेल तर काहीच कळत नाही.

सिग्नलला गाडी बंद करावी का?

हो. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच बरं. सुटताना मात्र मूठ पिळून उडी घेऊ नये, वाचवलेलं तिथेच जातं.

स्कार्फने धूर अडतो का? एन-९५ ने?

चेहराभर गुंडाळलेला स्कार्फ ऊन आणि मोठी धूळ अडवतो. पीएम २.५ अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ कण अडवतो, पण नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आत येतात.

कारच्या काचा बंद केल्या की सुटलो?

काही प्रमाणात. काचा लावून आतलीच हवा फिरवली तर कण कमी होतात. बाहेरची हवा चालू ठेवली तर पुढच्या गाडीचा धूर थेट आत येतो. मात्र चारजण बसून तासभर आतलीच हवा फिरवली तर कार्बन डायऑक्साइड वाढून पेंग येऊ लागते. कोंडीत आतली हवा, रस्ता मोकळा झाला की बाहेरची, असं करावं. कोंडीत सर्वांत वाईट अवस्था दुचाकीवाल्याची, आणि चौकात आठ तास उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाची.

गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की मोजायचं काही उरणार नाही ना?

नळी जाईल, टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ राहील. ब्रेकची झीज कमी होईल, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड उतरताना दिसेल आणि पीएम १० जागच्या जागी राहील, अशी तयारी ठेवावी.

आमचे आकडे घेऊन कुणाकडे जायचं?

आधी तुलनेचे आकडे घ्या. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर स्वयंचलित केंद्रांचे पंधरा मिनिटांपासूनचे आकडे उतरवून घेता येतात, राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर हाताने चालणाऱ्या केंद्रांचे. तुमच्या मोजणीच्या तारखा त्यांच्याशी जुळवा, यंत्र कोणतं, दुरुस्ती कशी केली, किती तासांची नोंद गहाळ आहे हे एका पानावर लिहा. मग हे पान महापालिकेच्या पर्यावरण विभागाला आणि राज्य मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या, पोच घ्या. सिग्नलची वेळ, बसथांब्याची जागा किंवा अवजड वाहनांची बंदी असा मुद्दा असेल तर एक प्रत वाहतूक शाखेला.

एखाद्या विशिष्ट गाडीची तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११६ व्या नियमानुसार उपनिरीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा मोटार वाहन निरीक्षकाला संशय आल्यास तो गाडी तपासणीसाठी नेण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. त्यासाठी आरटीओला नंबर, ठिकाण, वेळ आणि धूर दिसेल असा व्हिडिओ पाठवा. सेन्सरचा आलेख पाठवू नका. हवेतल्या आकड्यावरून एका गाडीवर बोट ठेवता येत नाही.